आवाजाचा रिकामा डबा

१

डबा जागेवर होता. झाकणही नीट बसवलेलं होतं. फक्त आत काही नव्हतं.

"मॅडम, रीळ नाहीये," पिक्सेल म्हणाला. पिक्सेल म्हणजे आमचा तंत्रज्ञ. जुन्या फिती संगणकावर उतरवतो आणि उरलेल्या वेळात मला नको त्या बातम्या देतो.

"नीट बघ."

"मॅडम, डबा गोल आहे. त्याला कोपरे नसतात. अजून कुठे बघू?"

मी या चित्रपट-संग्रहाची प्रमुख. लोकांना वाटतं, काय मजा आहे बाईची, दिवसभर फुकट सिनेमे बघते. प्रत्यक्षात मी गळक्या छताखाली बादल्या सरकवते आणि एसी दुरुस्त करणाऱ्याच्या विनवण्या करते. आमच्याकडे नाचगाण्यांचे सिनेमे नाहीत. संप, मोर्चे, दूरदेशीचे लढे असल्या विषयांवरच्या फिती आहेत. वर्षानुवर्षं त्यांना कुत्रं विचारत नाही. मग एक दिवस कुणाला तरी त्यातलीच एक आत्ताच्या आत्ता हवी असते, आणि नेमकी तीच गायब होते.

ही फीत पॅलेस्टाईनच्या निर्वासितांच्या एका छावणीवरची होती. तिथल्याच तरुण मंडळींनी चित्रित केलेली. त्या काळी ते लोक आपल्या फिती देशोदेशीच्या मैत्री समित्यांना पाठवत, आणि जी ती समिती आपापल्या भाषेत निवेदन चढवून सभांमधून दाखवत असे. पुढे युद्धात त्यांचं स्वतःचं कार्यालय फितींसकट नष्ट झालं. जगभर पांगलेल्या प्रतींपैकी आता आमची तेवढी उरली होती. तिचे दोन डबे. एकात चित्र, दुसऱ्यात आवाज. छावणीतले मूळ आवाज आणि त्यांवर आपल्या भाषेतलं निवेदन, असं सगळं एकाच चुंबकीय पट्टीवर. ती पट्टी वाजवायचं यंत्र आमच्याकडे कित्येक वर्षं बंद पडलं होतं. पिक्सेलनं कुठून तरी दुसरं मिळवलं, ते कालच येऊन पोचलं, आणि आज पट्टीच नाही. दात आहेत तर चणे नाहीत!

चित्र राहिलं आणि आवाज गेला, म्हणजे थोडक्यात निभावलं असं कुणालाही वाटेल. पण उद्या दुपारी विमानानं एक बाई येणार होत्या, त्या चित्रासाठी नव्हे. त्या छावणीत वाढलेल्या. आईचा एकही फोटो, एकही वस्तू त्यांच्याकडे उरलेली नाही. त्यांच्या थोरल्या भावानं शिकत असताना ही फीत कुठल्याशा सभेत पाहिली होती आणि बहिणीला सांगून ठेवलं होतं, 'त्यात एका ठिकाणी आई तुला हाक मारते.'

ती हाक जगात फक्त त्या पट्टीवर होती.

२

"पोलीस नकोत," विश्वस्त म्हणाले.

विश्वस्त म्हणजे आमच्या संस्थेचे सर्वेसर्वा. महिन्यातून दोनदा येतात, खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकतात आणि काळजी करून निघून जातात.

"पोलीस आले की वर्तमानपत्रं येतील. वर्तमानपत्रं आली की विषय निघेल. आधीच मला दोन फोन येऊन गेलेत, हा कार्यक्रम कशाला करता म्हणून. खरं सांगू? रीळ गेलं ते एका परीनं बरंच झालं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलण्याआधी माझ्या शेजारून प्रश्न आला, "म्हणजे तुम्ही घेतलंत का?"

प्रश्न माझ्या वन्संचा. नवऱ्याची थोरली बहीण. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर आता माणसं तपासतात. आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आल्या आहेत, याला महिना होईल. सकाळी मी फोनवर किंचाळले ते त्यांनी ऐकलं आणि चपला घालून तयार झाल्या. मी 'नको' म्हटलं. त्या आधीच रिक्षात बसल्या होत्या.

विश्वस्तांचा चेहरा लाल झाला. "मी? अहो, मला कार्यक्रम बंद करायचा असता तर एक पत्र काढलं असतं! चोऱ्या कशाला करू?"

"ते बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. "शिवाय तुम्ही चित्र नेलं असतं. आवाज नेऊन काय उपयोग? मुका सिनेमा दाखवला तरी फोन येणारच."

"आणि दुसरं सांगतो," विश्वस्त माझ्यावर घसरले, "तुमच्या इमारतीत स्वच्छता नावाची गोष्ट नाही. सोमवारी बैठकीला आलो तेव्हा बैठकीची खोली ठीक होती. आज पाऊल ठेवलं तर आंबूस घाण वास! सगळ्या खिडक्या सताड उघड्या, रस्त्याची धूळ टेबलावर, आणि तरी वास!"

"मला नाही आला," मी म्हणाले.

"मलाही नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांना बारा महिने सर्दी, त्यांचं सोडा.

सोमवारची बैठक मला चांगली आठवत होती. मैत्री समितीचे अध्यक्ष, विश्वस्त, पिक्सेल आणि मी. भांडार उघडंच होतं, कारण पिक्सेल डबे तपासून ठेवत होता. तेव्हा पट्टी डब्यात होती, असं तो शपथेवर सांगतो. बैठकीत त्यानं उत्साहानं जाहीर केलं होतं की निवेदन तो वाक्यावाक्यानं इंग्रजीत करून पडद्याखाली दाखवणार, म्हणजे आपण त्यांच्या छावणीबद्दल काय बोललो ते पाहुण्या बाईंनाही समजेल. टाळ्या मीच वाजवल्या होत्या. अध्यक्षांनी त्यानंतर एकच सूचना केली. कार्यक्रम आटोपशीर हवा, तेव्हा यंदा दोन मिनिटं उभं राहणं वगळू या. मला हायसं वाटलं होतं. माझे गुडघे दुखतात.

"थांब," मी हे सांगताच वन्सं म्हणाल्या. "कुणासाठी उभं राहता तुम्ही?"

"डबेवालीसाठी."

भिंतीवरचं पोस्टर मी त्यांना दाखवलं. आमच्या इमारतीत ते दर मजल्यावर आहे. आठनऊ वर्षांची मुलगी, हातात पाण्याचा पत्र्याचा डबा, मान वळवून थेट आपल्याकडे बघते आहे. डब्याची कडी पलीकडून आणखी कुणीतरी धरलेली, पण त्या माणसाचा नुसता हात दिसतो. बाकीचं चौकटीबाहेर. आमच्या फितीतली ही मुलगी चित्रीकरणानंतर लगेच मेली. समितीनं तिचं पोस्टर केलं, गाणं केलं, आणि दरवर्षी तिच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहतात. यंत्र बंद पडल्यापासून फीत दाखवता येत नव्हती, पण उभं राहणं कधी चुकलं नाही.

"कधीच चुकलं नाही," वन्सं म्हणाल्या, "आणि यंदा, तिच्या छावणीतली बाई स्वतः येणार, तर वगळायचं?"

३

अध्यक्ष बैठकीच्या खोलीतच भेटले. समितीचं कपाट तिथे आहे. कापडी फलक, जुनी पत्रकं, झेंडे, सगळा संसार त्यात. किल्ली त्यांच्या जानव्याला, असं पिक्सेल म्हणतो, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नाही. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ अजून ताठ. माणूस खरा. उन्हातान्हात उभं राहून सह्या गोळा करणारा, लाठी खाल्लेला. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे मलाच कसंसं होत होतं.

"ताई, काय हे झालं!" ते म्हणाले. पंखा पूर्ण वेगात, खिडक्या उघड्या, टेबलावरची पत्रकं त्यांनी कोपरांनी दाबून धरली होती. "पण मी म्हणतो, चित्र बोलकं आहे. शब्दांची गरजच काय? मुकंच दाखवू."

"अहो, त्या बाईंना आईची हाक ऐकायची आहे!"

त्यांनी मान खाली घातली. "हो. ते आहेच."

वन्संनी विचारलं, "या बाईंना हिचा पत्ता कुणी दिला?"

"मीच. त्यांनी आधी समितीला फोन केला होता."

"काय म्हणाल्या फोनवर?"

"हेच. फीत बघायची आहे." एक पत्रक कोपराखालून सुटलं आणि फडफडत खाली गेलं. ते उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"शेवटचं वाक्य काय होतं हो निवेदनात? डबेवालीबद्दलचं?"

"'दुसऱ्या दिवशी ही मुलगी गेली. डबा मात्र इथेच राहिला.'" त्यांनी ते इतक्या सराईतपणे म्हटलं, की मी सवयीनं उठायलाच निघाले होते.

बाहेर आल्यावर मी वन्संना म्हणाले, "त्यांना सोडा. तो आपला पिक्सेल बघा. परदेशातल्या एका मोठ्या संग्रहाला जुने आवाज हवेत, असं तो मला गेल्या महिन्यात चारदा सांगून बसलाय."

पिक्सेलनं हे ऐकलं. ऐकण्याइतका जवळ तो नेहमीच असतो. "मॅडम, मी चोरली असती तर आधी उतरवून घेतली असती! यंत्र कालच आलं. आणि ती पट्टी अशी कुठेही ठेवून चालत नाही. जुनी आहे, आतून सडायला लागलीय. थंड खोलीत ठेवली म्हणून तग धरून होती. उष्णतेत दोनचार दिवस राहिली तर आक्रसून वेडीवाकडी होईल, मग ना हाक ना काही. ज्यानं नेली त्याला हे ठाऊक नाही, नाहीतर त्याला काही पडलेली नाही. मला पडलेली आहे, मॅडम."

मला त्याची माफी मागायला हवी होती. मी त्याला चहा आणायला पाठवलं.

"सडते म्हणजे काय होतं?" वन्संनी त्याला जाता जाता विचारलं.

"व्हिनेगरसारखा वास सुटतो. आम्हाला नाही येत. इथे काम करणाऱ्यांची नाकं मेलेली असतात."

४

राहिले आवाजकाका. निवेदन त्यांनी वाचलं होतं. एके काळी त्यांचा आवाज घराघरांत ऐकू येई, आता जिन्यात सुद्धा ऐकू येत नाही. अध्यक्षांशी त्यांचं फार पूर्वी वाजलं होतं. पहिल्या सभेच्या पत्रकावर सगळ्यांची नावं आली, यांचंच राहिलं. तेव्हापासून समितीच्या एकाही कार्यक्रमाला त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. रुसवा चाळीस वर्षं टिकवायलाही दम लागतो. सोमवारी ते इमारतीत आलेही नव्हते, पण वन्संना त्यांनाच भेटायचं होतं.

त्यांच्या घराचं दार उघडताच मला व्हिनेगरचा वास आला. माझ्या मेलेल्या नाकाला आला, म्हणजे चांगलाच होता. मी वन्संना कोपर मारलं.

"काका, वास कसला?" वन्संनी सरळ विचारलं. आडपडदा म्हणून नाही.

"केटली. आतून पाण्याचा पांढरा थर चढतो, त्याला व्हिनेगर उकळतो," काका म्हणाले आणि स्वयंपाकघरात नेऊन केटलीच पुढे केली. मी ओशाळले.

"निवेदनातलं शेवटचं वाक्य आठवतं का तुम्हाला? डबेवालीचं?"

"न आठवायला काय झालं?" काकांनी घसा खाकरला, आणि त्या खोकल्यामागून तो जुना आवाज आला. "'दुसऱ्या दिवशी ही मुलगी आईबरोबर पलीकडच्या छावणीत गेली. डबा मात्र इथेच राहिला.'"

वन्संनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

"पण मी तसं वाचलं नाही," काका म्हणाले. "म्हणजे वाचलं, पण वाक्य मोठं व्हायचं. ते दृश्य एवढंसं. मुलगी वळते, लगेच रिकामा डबा. वाक्य डब्यावर सांडायचं. तीनदा वाचलं, तीनदा सांडलं. शेवटी तुमचे ते अध्यक्ष, तेव्हा काटकुळे होते, काचेपलीकडून खूण करायला लागले, छाटा, छाटा! 'आईबरोबर पलीकडच्या छावणीत' एवढं गाळलं, मग बसलं बरोब्बर. निवेदनात हे नेहमीचंच. चित्र काही आपल्यासाठी थांबत नाही."

"आणि मग तिच्यासाठी लोक दोन मिनिटं उभे राहायला लागले," वन्सं म्हणाल्या.

"उभे? कशाला?"

"ती मेली म्हणून."

काकांनी केटली खाली ठेवली.

"मेली? कोण मेली?"

५

रिक्षात मीच बडबडत होते. चाळीसहून अधिक वर्षं! माझे गुडघे! ते गाणं! शाळकरी मुलांच्या निबंधांचे गठ्ठे! आणि ती पोरगी आईचं बोट धरून पलीकडच्या छावणीत गेलेली!

संग्रहात पोचल्यावर वन्सं म्हणाल्या, "चित्र दाखव. मुकं."

पिक्सेलनं फीत लावली. तंबू, चिखल, रांग. एक बाई दाराशी कपडे पिळते आहे. मग दोन मुली डबा उचलून चालताना. एक डबेवाली. दुसरी तिच्याहून लहान, केस कापलेले, हसताना डोळे मिटणारी. पोस्टरवर जिचा नुसता हात आहे, ती ही. डबेवाली मान वळवते.

"थांबव. ही वळून कुणाकडे बघते?"

"आपल्याकडे," मी म्हणाले. गाण्यातही तसंच आहे. तिच्या नजरेला नजर द्या वगैरे.

"आपला काय संबंध? नीट बघ. कॅमेऱ्याच्या बाजूनं बघते आहे, जरा वर. मोठ्या माणसाकडे बघतात तसं. अगं, तिला कुणीतरी हाक मारली आहे."

हाक. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की ती आम्हाला जाब विचारते आहे, आणि ती पोर नुसती 'आले गं' म्हणायला वळली होती. उद्या विमानानं जी बाई येणार होती, ती हीच.

"एका अक्षरानं माणूस मारल्याची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे," वन्सं म्हणाल्या. "पण ध चा मा करायला निदान एक अक्षर लिहावं तरी लागलं. इथं कुणी काही लिहिलंच नाही. तीन शब्द गाळले, आणि उरलेल्या 'गेली'नं तिला मारलं. दुसऱ्या कुठल्या भाषेत झालं असतं की नाही, देव जाणे. आता चोर सांगू?"

"सांगा एकदाचा."

"चोराला चित्राचं भय नव्हतं, आवाजाचं होतं. तेही आपल्या भाषेतल्या एका वाक्याचं. सोमवारपर्यंत पट्टी सुखानं पडून होती. त्या बैठकीत पिक्सेल म्हणाला की वाक्यन् वाक्य त्या बाईंना समजेल, आणि पट्टी गेली. म्हणजे ज्याला ठाऊक आहे की ते वाक्य वाचणारी बाई तीच आहे, त्यानं नेली. काकांना तर ती मेल्याचंच माहीत नाही. विश्वस्तांना ती मेल्याचं माहीत आहे, जिवंत असल्याचं नाही. त्या बाईंचा फोन कुणाला आला होता? आणि जिवंत बाईसमोर तिच्याच मरणासाठी उभं राहायची लाज वाटून ती दोन मिनिटं कुणी वगळली?"

मी खुर्चीत बसले. मला राग यायला हवा होता, पण आधी रडूच आलं.

"पट्टी कुठे असेल?" पिक्सेलनं विचारलं. त्याला तेवढंच सुचत होतं, आणि तो बरोबर होता.

"खिडक्या सताड उघड्या कुणी ठेवल्या आहेत?" वन्सं म्हणाल्या. "विश्वस्तांना बोलवा. आज त्यांच्या नाकाचा उपयोग आहे."

६

विश्वस्तांनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या संस्थेसाठी काही केलं. बैठकीच्या खोलीत ते नाक वर करून भिंतीभिंतीनं फिरले आणि समितीच्या कपाटापाशी येऊन "शी!" म्हणाले.

अध्यक्ष खुर्चीत होते. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

पट्टी कापडी फलकात गुंडाळलेली होती. फलकावर डबेवालीचा चेहरा. पिक्सेलनं ती दोन्ही हातांत घेतली आणि आपल्या खोलीकडे धावला.

"पहिल्या सभेत दिवे लागले तेव्हा सगळी माणसं उभी होती," अध्यक्ष म्हणाले. "बायका रडत होत्या. मला पहिल्यांदा कळेचना काय झालं. कळलं तेव्हा मी व्यासपीठावर होतो. ताई, मी काय म्हणणार होतो? बसा, ती मेलेली नाही, नुसती घर बदलून गेली? पुढच्या सभेत सांगू म्हटलं. पुढच्या सभेत पोस्टर आलं. मग ते माझ्या हाताबाहेर गेलं."

"आणि ती पट्टी उकाड्यात सडत होती त्याचं काय?" मी ओरडले. "त्यात तिच्या आईचा आवाज आहे! तुमची एक चूक झाकायला तुम्ही तिची आई कपाटात कोंडलीत!"

"मला ते सडण्याचं माहीत नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. "आईचं माहीत होतं. ते माहीत असून केलं. फोनवर ती म्हणाली, 'डबा धरलेली मुलगी मीच.' केवढी आनंदात होती! तेवढं वाक्य फक्त काढून टाका, ताई. हात जोडतो."

"शब्द काढूनच ही वेळ आली," वन्सं म्हणाल्या. "मुद्रितात राहिलेला शब्द आत घ्यायचा असला की आम्ही खाली हंसपद काढतो आणि शब्द वर लिहितो. जे छापलंय ते खोडत नाही. तुम्हीही उद्या तेच करा. उभं राहून सांगा."

"तिच्यासमोर?"

"मग काय तिच्या पाठीमागे? ते तर चाळीस वर्षं केलंत."

संध्याकाळी पिक्सेल खोलीतून बाहेर आला. कानांवरचे हेडफोन गळ्यात, डोळे लाल. पट्टीच्या कडा लाटांसारख्या वळल्या होत्या, एकदाच फिरली, दुसऱ्यांदा फिरायची नाही. पण त्या एका फेरीत त्यानं ती उतरवून घेतली होती.

"हाक आहे?" मी विचारलं.

त्यानं मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

७

पाहुण्या बाई पहिल्या रांगेत माझ्या आणि वन्संच्या मध्ये बसल्या. छोट्याशा चणीच्या, करड्या केसांच्या, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली. पडद्याखाली इंग्रजी दाखवायला वेळ उरला नव्हता, म्हणून मी त्यांच्या कानाशी सांगत होते. सभागृह भरलेलं होतं. आवाजकाकासुद्धा आले होते, अर्थात शेवटच्या रांगेत, आणि घडी घातलेल्या हातांनी.

तंबू, चिखल, रांग. दोन मुली, एक डबा. आणि मग, पडद्याबाहेरून, एका बाईची हाक. कंटाळलेली, घाईची, कामातली हाक. कितीदा सांगायचं तुला, अशी.

डबेवाली वळली. माझ्या शेजारी पाहुण्या बाईंनी ओ दिली. एकच शब्द, हळू आवाजात, आपसूक, कुठलीही मुलगी आईला देते तशी.

"दुसऱ्या दिवशी ही मुलगी गेली," काकांचा तरुण आवाज म्हणाला. "डबा मात्र इथेच राहिला."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोच माझ्या मागे खुर्च्या कुरकुरल्या. कार्यक्रमातून वगळलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं, तरी अख्खं सभागृह सवयीनं उभं राहिलं होतं.

पाहुण्या बाईंनी वळून पाहिलं. "हे सगळे का उभे आहेत?" त्यांनी मला विचारलं.

अध्यक्ष कधी माईकपाशी पोचले मला कळलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. गाळलेले तीन शब्द आधी, मग बाकीचं. स्वतःला एका शब्दानंही सूट दिली नाही, कपाटाचंही सांगितलं. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते.

त्या उठून माईकपाशी गेल्या. मी मागोमाग. आणि त्या हसल्या.

"त्या डब्यासाठी आईनं मला झोडपलं होतं," त्या म्हणाल्या. "नव्या छावणीत पोचलो आणि विचारलं, डबा कुठाय? मी विसरून आले होते. मेले नाही, पण मरायचंच तेवढं बाकी होतं."

मी ते आपल्या भाषेत सांगितलं. सभागृहात हशा उसळला, रडवेला, सुटलेला. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लोक डोळे पुसत खाली बसायला लागले.

"नको," बाई म्हणाल्या. हा शब्द मला सांगावा लागला नाही, त्यांचा हात वर झाला होता. माणसं अर्धवट वाकलेली तशीच थांबली.

त्या पोस्टरपाशी गेल्या आणि डबेवालीच्या चेहऱ्यावर नाही, कडेवर बोट ठेवलं. डब्याची कडी धरलेल्या त्या हातावर. मग त्या बोलल्या, थोडंच बोलल्या, आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

मी माईक घेतला. "ही यांची मैत्रीण. आत्ता आपण हिला हसताना पाहिलं. पोस्टर करताना आपण हिला कापलं. यांचं कुटुंब दुसऱ्या छावणीत गेलं, हिचं तिथेच राहिलं. त्याच वर्षी ही..."

माझ्या जिभेवर तोच शब्द आला होता. सोपा, सभ्य, तयार.

"शब्द गाळू नकोस," पहिल्या रांगेतून वन्सं म्हणाल्या.

"ही मारली गेली," मी म्हणाले. "छावणीवर बॉम्ब टाकले त्यात. ही सात वर्षांची होती."

बाईंनी तिचं नाव सांगितलं. मी ते माईकवर म्हटलं, आणि उच्चार चुकला म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं तसं पुन्हा म्हटलं. वाकलेली माणसं ताठ झाली. मागच्या रांगेत आवाजकाकांनी हातांची घडी सोडली. यावेळी घड्याळ कुणी लावलं नव्हतं, आणि खूप वेळ कुणीच बसलं नाही.